सावंतवाडीचा राजवाडा आणि गंजिफा: सारखे येणारे प्रश्न

सावंतवाडीला जायचं ठरलं की लोक तेच तेच विचारतात, आणि जाऊन आल्यावर त्याहून जास्त विचारतात. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलंय. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, अवघड नि अडनिडे खाली. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायचा कंटाळा आहे त्यामुळे मधेमधे 'अमुक नंबर बघा' असं दिसेल, तिथे जाऊन बघा.

१. राजवाड्यात नक्की आहे काय? म्युझियम आहे की कारखाना की दुकान?

तिन्ही थोडं थोडं. मोती तलावाच्या काठावर भोसले घराण्याचा राजवाडा आहे, तिकीट काढून आत गेलात की दरबार हॉल लागतो. तिथे सिंहासन, जुने फोटो, वस्तू वगैरे जे कुठल्याही राजवाड्यात असतं ते आहेच, पण इथली खरी गंमत म्हणजे त्याच दरबारात कलाकार खाली बसून गंजिफाची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या गोल पत्त्यांची (३ नंबर बघा), पानं रंगवत असतात. काचेच्या कपाटात ठेवलेला जुना सेट आणि दहा पावलांवर ओला रंग असलेलं नवीन पान हे एकत्र बघायला फार ठिकाणी मिळत नाही. रंगवलेल्या वस्तू तिथेच विकायलाही असतात (त्याबद्दल १३ नंबर).

'पत्त्यांचं म्युझियम' म्हणून मोठ्ठ्या गॅलऱ्या, टचस्क्रीन, हेडफोन असलं काही डोक्यात घेऊन जाऊ नका. तसलं हवं असेल तर १६ नंबरमधे युरोपातली नावं दिलीयत.

२. वाडा किती जुना आहे?

तिसरे खेम सावंत (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या काळातला. बांधकाम जांभ्या दगडाचं, त्यामुळे पावसाळ्यात भिजल्यावर लालभडक दिसतो. समोरचा मोती तलाव मात्र वाड्याइतका जुना नाही, तो नंतर एकोणिसाव्या शतकात बांधून काढलेला आहे. बरेच गाइड दोन्ही एकदमच झालं असं सांगतात.

३. गंजिफा म्हणजे आपले पत्तेच ना?

पत्तेच, पण बदाम चौकट किलवर इस्पिक नाही. पान गोल, हाताने रंगवलेलं, आणि रंग चारच्या जागी आठ, दहा किंवा बारासुद्धा. प्रत्येक रंगात १२ पानं: एक राजा, एक प्रधान (काही जण वजीर म्हणतात), आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. राणी नाही, गुलाम नाही, जोकर नाही.

खेळ मुघलांबरोबर इकडे आला असं मानतात. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींमधे आहे, आणि अकबराच्या दरबारातले पत्ते कसे होते ते अबुल फझलने आईन-ए-अकबरीत सविस्तर लिहून ठेवलंय. पुढे हिंदू दरबारांनी खेळ तोच ठेवला आणि चित्रं बदलली, त्यातून दशावतारी गंजिफा झाला. सावंतवाडीची ओळख आहे ती या दशावतारीची.

४. कुणी ९६ पानं सांगतं, कुणी १२०. बरोबर कोण?

दोघंही, वेगवेगळ्या सेटबद्दल बोलतायत. १२ ने गुणलं की कळतं. मुघल गंजिफा आठ रंगांचा, म्हणून ९६. दशावतारी दहा रंगांचा, म्हणून १२०. नवग्रह गंजिफा नऊ रंगांचा, १०८. राशींचा सेट बारा रंगांचा, १४४. म्हैसूरला तिसऱ्या कृष्णराज वडियारांना या प्रकाराचा इतका नाद होता की त्यांनी ३६० पानांपर्यंत खेळ रचले, पण ते खेळणार कोण आणि लक्षात ठेवणार कोण हा वेगळा विषय.

५. दशावतारी सेटमधले दहा रंग ओळखायचे कसे?

प्रत्येक अवताराचं एक चिन्ह असतं, आणि एक्का ते दश्शी या पानांवर तेच चिन्ह तितक्या वेळा काढलेलं असतं. म्हणजे मत्स्याच्या सत्तीवर सात मासे. आपल्याकडे साधारण असं: मत्स्य मासा, कूर्म कासव, वराह शंख, नरसिंह चक्र, वामन कमंडलू, परशुराम परशू, राम बाण, कृष्ण गाय, बुद्ध कमळ, कल्की तलवार.

'साधारण' म्हटलं कारण चिन्हं प्रांताप्रमाणे बदलतात. ओडिशात रामाच्या रंगावर माकडं दिसतील, कुठे वामनाची छत्री असते, कुठे कल्कीचा घोडा. त्यामुळे फोटो पाठवून 'यात बाण नाहीये, म्हणजे हा सेट चुकीचा आहे का' असं विचारणाऱ्यांना उत्तर: चुकीचा नाही, दुसऱ्या गावचा असू शकतो.

आणखी एक सोय म्हणजे प्रत्येक रंगाची जमीन, म्हणजे पानाचा मागचा बेस कलर, सहसा वेगळा असतो. हातात चाळीस गोल पानं धरल्यावर चिन्ह बघायला वेळ नसतो, बेस कलरवरूनच लावायची. राजाच्या पानात चित्र भरगच्च, प्रधानाचं बहुतेक वेळा सुटसुटीत, पहिल्यांदा दोघांत गडबड होतेच.

६. नवव्या रंगावर विठ्ठल आहे! बुद्ध पाहिजे ना?

हा प्रश्न इतक्या वेळा आणि इतक्या तावातावाने येतो की वेगळा नंबर द्यावा लागला. महाराष्ट्रात दशावताराच्या चित्रांमधे नवव्या जागी विठ्ठल काढायची जुनी पद्धत आहे, देवळातल्या कोरीव कामात पण दिसते. ओडिशात त्याच जागी जगन्नाथ येतो. तर कुठे कृष्णाच्या जागी बलराम धरतात. चितारी ज्या गावचा, त्या गावची दशावताराची यादी पानावर उतरते. खेळाला त्याने काही फरक पडत नाही, नववा रंग तो नववा रंग. वाद घालायचा असेल तर घाला पण पानं वाटून झाल्यावर नको.

७. पानं गोल का?

इराणकडचे जुने पत्ते चौकोनी होते, गोल झाले ते भारतात. कारण अमुकच असं कुणी लिहून ठेवलेलं नाही पण हातात घेतलंत की फायदा कळतो, कोपरे नाहीत त्यामुळे दुमडत नाहीत आणि हाताने बनवलेल्या जाड पानाचे कोपरेच आधी जातात. तोटा एकच, आपण कॅट पिसतो तसा गंजिफा पिसता येत नाही. चादर अंथरून त्यावर सगळी पानं पालथी टाकायची आणि दोन्ही हातांनी ढवळायची. मजा येते, विशेषतः लहान मुलांना हे काम द्या.

भारतात चौकोनी गंजिफा पण मिळतात बरं का, गोलच असला पाहिजे असा नियम नाही. हस्तिदंत, कासवाची पाठ, ताडपत्र, लाकूड, कागद, कापड अशा सगळ्या गोष्टींवर हे पत्ते रंगवले गेलेत. श्रीमंतांचे ते दरबारी कलम, सामान्यांचे ते बाजार कलम.

८. एक पान बनतं कसं?

जुनी रीत अशी. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, त्यावर खडूच्या पांढऱ्या लेपाचे हात द्यायचे, दगडाने घोटून गुळगुळीत करायचे, मग गोल कापायचे. त्यानंतर जमिनीचा रंग, मग चित्र, मग वरून लाखेचा हात म्हणजे चकाकी येते आणि घाम लागून रंग सुटत नाही. पाठ एकाच रंगाची, कोरी. तिच्यावर नक्षी काढत नाहीत, आणि त्यात शहाणपण आहे कारण हाताने काढलेली नक्षी १२० वेळा एकसारखी येणारच नाही आणि मग पाठीवरून पान ओळखू येईल.

आता सगळंच जुन्या पद्धतीने होतं असं नाही, तयार रंग वापरले जातात, आणि त्यात नाक मुरडण्यासारखं काही मला वाटत नाही. बघायचं ते ब्रश. बारीक केसांचा ब्रश, आणि आधी पेन्सिलीने आखणी न करता थेट रेघ. कासवाच्या दश्शीवर दहा कासवं काढायची असतात एका छोट्या गोलात, आणि प्रत्येक कासवाला चार पाय, एक डोकं, पाठीवरचे चौकोन. हे काम चालू असताना मागे पाच मिनिटं नुसतं उभं राहा. आधी सगळी कासवं नुसते ठिपके असतात, मग एकेका ठिपक्याला पाय फुटतात, आणि सगळ्यांत शेवटी डोळे. लोक सेल्फी काढून पुढे जातात आणि हे बघायचं राहतं.

९. सावंतवाडीलाच का? आणि ही कला मधे बंद पडली होती म्हणतात ते खरं का?

सांगतात असं की तिसऱ्या खेम सावंतांच्या दरबारात धर्मशास्त्राच्या चर्चेला लांबलांबहून पंडित यायचे, त्यातल्या तेलंगणाकडच्या मंडळींबरोबर हा खेळ आला, राजाला आवडला आणि त्याने इथल्या चितारी लोकांना पानं करायला सांगितली. चितारी मंडळी लाकूडकामात आणि लाखकामात आधीपासून तयार होतीच. सावंतवाडीची लाकडी फळं नि खेळणी त्यांचीच, चितारआळी हे नावही त्यावरूनच.

बंद पडायला आली होती हे खरं. छापील ५२ पत्ते स्वस्तात मिळायला लागल्यावर हाताने रंगवलेली १२० पानं कोण घेणार. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत हे काम येणारे अगदी बोटावर मोजण्याइतके उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी हे हातात घेतलं. सत्त्वशीलादेवी मूळच्या बडोद्याच्या, गायकवाड घराण्यातल्या. वयोवृद्ध पुंडलिक चितारींकडून त्या स्वतः शिकल्या, नुसता आश्रय दिला असं नाही, स्वतः ब्रश हातात धरला. मग वाड्यातच तरुण मुलामुलींना शिकवून काम सुरू झालं आणि १९७१ च्या सुमारास सावंतवाडी लॅकरवेअर्स या नावाने त्याला व्यवसायाचं रूप आलं. २०१८ मधे त्या गेल्या, काम चालू आहे.

माझं मत विचाराल तर इथे एक गोष्ट अर्धीच वाचली. पानं करणारे तयार झाले, खेळणारे नाही झाले. आज विकत घेतलेले बहुतेक सेट फ्रेममधे जातात. म्हणून पुढचे दोन प्रश्न जरा लांबलेत, ते वाचाच.

१०. खेळतात कसा? सोपं करून सांगा.

तीन जण घ्या, प्रत्येकी ४० पानं. (चार असाल तर ३०, पाच असाल तर २४. तिघांचा डाव उत्तम.) वाटणी आणि खेळ दोन्ही उजवीकडून, म्हणजे आपल्या नेहमीच्या पत्त्यांच्या उलट दिशेने.

पहिली गोष्ट डोक्यातून काढा ती म्हणजे हुकूम. इथे हुकमाचा रंग नाही. उतारी ज्या रंगाची, त्याच रंगातलं मोठं पान हात मारणार, दुसऱ्या रंगाचा राजा टाकलात तरी तो फुकट गेला.

पहिली उतारी कुणाची हे घड्याळ ठरवतं! दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करणार, रात्री असाल तर कृष्णाचा राजा. मुघल सेटमधे तसंच दिवसा सुर्ख म्हणजे सूर्याचं चिन्ह आणि रात्री सफेद म्हणजे चंद्र. सुरुवात करणारा राजा एकटा टाकत नाही, सोबत एक हलकं पान टाकतो आणि बाकीचे दोघं दोन दोन पानं टाकतात, म्हणजे राजाच्या जिवावर त्याचं एक फालतू पान पण वसूल होतं.

मग पुढे सगळा खेळ स्मरणशक्तीचा. एखाद्या रंगातला राजा पडला की त्या रंगाचा प्रधान सगळ्यात मोठा झाला, प्रधान पडला की त्याच्या खालचं पान, असं एकेक पान वर सरकत जातं. तुमच्या हातातलं साधं पान आता सगळ्यात मोठं झालंय की नाही हे ठरवायला त्या रंगातली काय काय पानं गेली ते आठवायला लागतं आणि असे रंग दहा. शेवटी ज्याचे हात जास्त तो जिंकला.

रंग पाळायचा की नाही, हातातली सगळ्यात मोठी झालेली पानं लगेच उतरवायची की दाबून ठेवायची, शेवटचा हात कसा, या बाबतीत घरोघरी वेगळं खेळतात. सुरुवात करण्याआधी आपापसात ठरवून घ्या नाहीतर दिवाळीत भांडण ठरलेलं.

११. एक्का मोठा की दश्शी मोठी? दोन्ही वाचलंय.

इथेच सगळे अडकतात, आणि उत्तर आहे: रंगावर अवलंबून.

राजा आणि प्रधान सगळ्या रंगांत वरच. त्यांच्या खाली मात्र दहा रंगांचे दोन गट पडतात. पहिल्या पाच अवतारांत (मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन) दश्शी मोठी, मग नव्वी, अठ्ठी असं करत एक्का सगळ्यात लहान. पुढच्या पाच अवतारांत (परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की) बरोब्बर उलटं, प्रधानानंतर एक्का, मग दुर्री, तिर्री आणि दश्शी तळाला.

म्हणजे माशांची दश्शी हातात असेल तर जपून ठेवा, परशूंची दश्शी असेल तर पहिल्या संधीला टाकून मोकळे व्हा. मुघल सेटमधे पण असंच आहे, आठपैकी चार रंग सुलटे चार उलटे. सुरुवातीचे काही डाव एका कागदावर दोन रांगांत अवतार लिहून समोर ठेवा, लाजायचं काही कारण नाही, समोरचा पण चोरून तोच कागद बघत असतो.

१२. दशावतारी गंजिफा आणि कोकणातलं दशावतारी नाटक, एकच का?

नाही. विषय एक, गोष्टी दोन. जत्रेत रात्रभर चालतो तो दशावतार म्हणजे लोकनाट्य, संकासुर येतो तो. गंजिफा म्हणजे पत्ते. एकातून दुसरं निघालं असा काही पुरावा नाही, पण दोन्ही एकाच मातीत रुजलेत. 'दशावतारी खेळ बघायला सावंतवाडीला कधी येऊ' असा मेसेज आला की मला आधी विचारावं लागतं की तुम्हाला जागरण करायचंय की पत्ते बघायचेत. नाटक बघायचं असेल तर जत्रांचा हंगाम धरा, साधारण कार्तिकापासून पुढे.

१३. सेट विकत मिळतो का? महाग का असतो? डुप्लिकेट कसा ओळखायचा?

मिळतो, वाड्यातच मिळतो, ऑर्डर पण घेतात. पूर्ण १२० पानांचा हाताने केलेला सेट हजारांत जातो आणि पूर्ण व्हायला आठवडे लागतात, त्यामुळे 'उद्या निघतोय, आजच्या आज पाहिजे' हे चालत नाही. बजेट कमी असेल तर सुटी पानं, छोट्या डब्या, कोस्टर असल्या गोष्टी घ्या.

'पत्त्याला एवढे पैसे?' असं मोठ्याने तिथे उभं राहून म्हणू नका प्लीज. १२० चित्रं आहेत ती. आठ नंबर परत वाचा.

डुप्लिकेटचं म्हणाल तर ऑनलाइन छापील पानं 'हँडपेंटेड' म्हणून विकतात हे दिसतं. ओळखायला एक सोपी गोष्ट: एकाच पानावरची दोन चिन्हं शेजारी शेजारी बघा, म्हणजे माशांच्या पंजीवरचे दोन मासे. हाताने काढलेले असतील तर शेपटीत, डोळ्यात कुठेतरी फरक असणारच. सगळे मासे हुबेहूब असतील तर ते छापलेलं आहे. आणि पान तिरकं धरून उजेडात बघा, ब्रशने लावलेला रंग किंचित वर आलेला दिसतो.

छापील सेट घेणं वाईट नाही, खेळायला शिकण्यासाठी तर तोच घ्या, फक्त छापील म्हणून आणि छापीलच्या किमतीला घ्या.

१४. ५२ पत्त्यांचा गोल सेट घेतलाय, गंजिफा स्टाइल. तो गंजिफा धरायचा का?

काम गंजिफाचं, खेळ नाही. बदाम-इस्पिकाचे ५२ पत्ते त्याच हाताने, त्याच पद्धतीने गोल रंगवतात, दिसायला सुंदर असतात आणि त्यावर रमी, मेंढीकोट, काय हवं ते खेळा. पण १० आणि ११ नंबरमधले नियम त्याला लागू नाहीत. गिफ्ट द्यायला मला तरी हाच बरा वाटतो कारण घेणारा निदान वापरतो.

१५. यायचं कसं, किती वेळ ठेवायचा, कधी यायचं?

कोकण रेल्वेने आलात तर सावंतवाडी रोड स्टेशन, पण ते गावात नाही, गावापासून आठ-दहा किलोमीटर बाहेर आहे, रिक्षा करा. एसटी स्टँड मात्र गावात. कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी आंबोली घाट धरावा, आंबोली साधारण तीस किलोमीटर. विमानाने गोव्यातला मोपा सोयीचा, चिपीला फ्लाइट त्या दिवशी आहे का ते आधी बघून घ्या.

वाडा दुपारी जेवणाच्या वेळेला बंद असणार असंच धरून चाला, कोकणात दुपारी एक ते चार कुणाच्या दारात जायचं नसतं. सकाळी गेलेलं उत्तम, कलाकार पण तेव्हा कामाला बसलेले असतात. सुट्टीच्या दिवशी किंवा सणाला (गणपतीत तर नकोच) कलाकार नसतील तर नुसता हॉल बघून परत यावं लागेल, म्हणून निघण्याआधी फोन करा. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि काम करणाऱ्याच्या तोंडावर फ्लॅश मारू नका.

वेळ: गोव्याला जाताना वाटेत अर्धा तास थांबणारे खूप, त्यांना काही दिसत नाही. वाडा, मग चितारआळीत लाकडी खेळणी, मग तलावाकाठी एक चक्कर, अर्धा दिवस हवा. उरलेल्या वेळात कुडाळजवळच्या पिंगुळीला जा, तिथे ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या बघायला मिळतात. चित्रकलेची आवड असेल तर ही दोन ठिकाणं एकाच दिवसात बघाच.

राहायचं असेल तर वाड्याच्याच आवारात हॉटेल आहे, खोल्या दशावताराच्या थीमवर केलेल्या, पण ते बजेट हॉटेल नव्हे. तिथे राहिलात तरच वाडा बघता येतो असं अजिबात नाही.

१६. सावंतवाडीला जमत नाही. दुसरीकडे कुठे बघता येईल?

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात बघा. राज्याबाहेर बंगालमधे बिष्णुपूरला फौजदार कुटुंब दशावतारी ताश करतं, ओडिशात रघुराजपूर आणि पुरीकडे गंजपा होतो आणि तिकडे अजून खेळतातही, म्हैसूरची शैली वेगळीच, फार नाजूक.

परदेशातल्या मराठी मंडळींना: लंडनमधे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि ब्रिटिश म्युझियम दोन्हीकडे भारतीय गंजिफा आहेत, पण कायम मांडलेले असतीलच असं नाही, जाण्याआधी त्यांच्या ऑनलाइन कॅटलॉगमधे शोधा. आणि फक्त पत्त्यांसाठीच असलेलं म्युझियम बघायचं तर स्पेनमधे व्हितोरिया-गास्तेइझ शहरातलं फोर्निए म्युझियम, सोळाव्या शतकातल्या बेंदान्या नावाच्या वाड्यात आहे, किंवा जर्मनीत आल्टेनबुर्गच्या किल्ल्यातलं. तिकडची श्रीमंती वेगळी, पण समोर बसून पान रंगवणारा माणूस सावंतवाडीत.

१७. आमच्या घरी आजोबांचा जुना सेट सापडलाय. काय करू?

आधी पुसू नका. ओलं फडकं तर अजिबात नाही, जुन्या लाखेखालचा रंग पाण्याने सुटतो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. पानं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका, चाकू घालू नका, संग्रहालयात काम करणाऱ्या एखाद्या संवर्धकाला दाखवा.

मग मोजा आणि चार नंबरशी ताडून बघा. पानं कमी असतील तर कमीत कमी रंग किती आहेत ते मोजा, त्यावरून कुठला सेट ते कळतं. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून पानांच्या मधे बिनआम्ली कागद, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा भिंतीला टेकवून नको. उन्हात ठेवायची पण गरज नाही, लाख मऊ होते.

१८. तो जुना सेट अमेरिकेत मुलीकडे पाठवू का? आणि हस्तिदंताचा असेल तर?

थांबा. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे, घरची असली तरी, गिफ्ट असली तरी. सेट तेवढा जुना नसेल पण दिसायला जुना असेल तर पुरातत्त्व खात्याकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला घ्या, नाहीतर एअरपोर्टवर अडकाल.

हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचा असेल तर प्रकरण वन्यजीव कायद्यात जातं. हस्तिदंत विकणं-विकत घेणं सरळ बेकायदा आहे, 'अँटिक आहे' हे कारण चालत नाही, आणि नुसता घरात ठेवायला पण कागदपत्रं लागतात. असा सेट हाताशी असेल तर विकायची जाहिरात टाकण्याआधी वन खात्यात किंवा वकिलाकडे विचारा. नवीन, आत्ता विकत घेतलेला कागदी सेट मात्र खुशाल सुटकेसमधे घालून न्या, पावती सोबत ठेवा.

१९. १२० मधलं एकच पान हरवलंय. ते एकटं करून मिळेल का?

मिळू शकतं, पण नुसतं 'कृष्णाची सत्ती पाहिजे' असं फोनवर सांगून नाही. त्याच रंगाची दोन-तीन पानं घेऊन जा म्हणजे जमिनीचा रंग, गाईची ठेवण आणि पानाचा आकार जुळवता येतो. मिलिमीटरभर मोठं झालं तरी गठ्ठ्यात बाहेर येतं.

आणि समोरची बाजू कितीही छान जुळली तरी नव्या पानाची पाठ जुन्यांपेक्षा उजळ दिसणार, त्याला इलाज नाही, वापरून वापरूनच ती मळते. तोपर्यंत कृष्णाची सत्ती कुणाच्या हातात आहे हे सगळ्या टेबलाला माहीत असणार. त्यातल्या त्यात बरं हे की ती कृष्णाची आहे, म्हणजे एक्का, दुर्रीपासून छक्कीपर्यंत सगळे तिच्या वर, त्यामुळे डावाचं फार बिघडत नाही. रामाचा एक्का हरवला असेल तर मात्र नवं पान येईपर्यंत थांबा.